फोनने मोहरी सांगितली, सासूबाई म्हणतात तिळवण

पत्र थोडक्यात: मालवण तालुक्यातल्या एका वाचक ताईंनी लिहिलंय. लग्नानंतर बरीच वर्षं पुण्यात होत्या, आता नवरा आणि मुलासकट सासरच्या गावी राहायला आल्यात. पावसाळ्यात गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून आणि खळ्याच्या (अंगणाच्या) कडेला चार पिवळ्या पाकळ्यांची झाडं भरपूर उगवली. फोनमधल्या ॲपला फोटो दाखवला तर 'जंगली मोहरी' असं नाव आलं. ताईंनी लगेच स्टेटसला टाकलं, पाल्याची भाजी करायची आणि बिया फोडणीला साठवायच्या असंही ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "ती मोहरी न्हय गो, तिळवण ती." त्यावर ताईंनी फोन पुढे करून दाखवला आणि तेव्हापासून सासूबाई या विषयावर गप्प आहेत. नवऱ्याचं म्हणणं की तणच आहे, तणनाशक मारून मोकळे होऊया. शेजारच्या काकी सांगतात पाल्याचा रस कानदुखीवर चांगला. मुलाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी तेच झाड वाळवून नावासकट वहीत लावायचंय. ताई विचारतात, विश्वास कुणावर ठेवायचा, आणि मोहरी असेल तर सासूबाईंना न दुखवता कसं पटवायचं?

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. 'मोहरी असेल तर सासूबाईंना कसं पटवायचं' हे तुम्ही विचारलंय, पण 'तिळवण असेल तर मी काय करू' हे विचारलेलंच नाही. म्हणजे निकाल मनात लागून गेलाय, फक्त तो घरात कसा सांगायचा एवढंच उरलंय. आणि गंमत बघा, तुमच्याच पत्रात तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात, एक म्हणजे पान एका देठावर तीन किंवा पाच भागांचं आहे, आणि दुसरी म्हणजे झाड उपटलं की हात चिकट होतो आणि वास जात नाही. हे वाचून मला तरी सासूबाईंचंच म्हणणं बरोबर वाटतंय. पण मीही झाड बघितलेलं नाही, त्यामुळे माझ्यावरही विश्वास ठेवू नका, झाडाकडे चला.

आधी पान बघा. मोहरीचं पान साधं असतं, म्हणजे खालची पानं मोठी आणि मुळ्याच्या पाल्यासारखी कडेने कातरलेली असतील पण पान एकच, त्याचे सुटे सुटे भाग होत नाहीत. पिवळ्या तिळवणीचं पान एका देठाच्या टोकाला तीन किंवा पाच पर्णिका घेऊन येतं, शेंड्याकडे बहुतेक तीनच. एवढ्या एका गोष्टीवर अर्धा निकाल लागतो, आणि फोटोत नेमकं हेच हुकतं कारण आपण फुलाच्या जवळ जाऊन फोटो काढतो आणि पानं मागे धूसर होतात.

मग फूल. चार पिवळ्या पाकळ्या दोघांनाही आहेत, म्हणूनच घोळ होतो. मोहरीच्या फुलाला समोरून बघा, चार पाकळ्या अधिकाच्या चिन्हासारख्या चारी दिशांना नीट पसरलेल्या असतात. तिळवणीच्या चारही पाकळ्या जरा वरच्या अंगाला सरकलेल्या, खालची बाजू रिकामी. त्यानंतर पुंकेसर मोजा, घाबरू नका, शाळेत शिकलोय आपण हे, मधले ते तंतू. मोहरीच्या कुळात ते सहा असतात, चार लांब आणि दोन आखूड, आणि ही खूण इतकी पक्की आहे की मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, अळीव कशाचंही फूल उघडलं तरी बहुतेक हाच हिशोब सापडतो. (अळिवात कधी कधी कमी भरतात, पण सहाच्या वर जात नाहीत.) पिवळ्या तिळवणीत मात्र दहा-बारा, कधी वीसपर्यंत. मुलाकडे भिंग असेल तर त्यालाच मोजायला सांगा, त्याचा प्रोजेक्ट खरा तिथेच सुरू होतो.

तिसरी गोष्ट शेंग, आणि मला विचाराल तर सगळ्यात बोलकी हीच. तिळवणीची शेंग बारीक, लांब, आकाशाकडे तोंड करून उभी, अंगावर उभ्या रेषा आणि चिकट लव. मोहरीची शेंग गुळगुळीत, टोकाला बी नसलेली चोच. मोहरीची पिकलेली शेंग दोन्ही बाजूंनी उकलते आणि मधे कागदासारखा पातळ पडदा देठावर तसाच राहतो, बिया त्या पडद्याच्या दोन्ही अंगांना असतात. तिळवणीत असा मधला पडदा नाही. बियाही वेगळ्या, तिळवणीची बी बारीक, तपकिरी-काळपट आणि तिच्या पाठीवर सुरकुत्या, मोहरीची गोल. आणि हो, मुळ्याची शेंग, आपण जिला डिंगरी म्हणतो ती, मोहरीच्याच कुळातली असून अशी उकलत नाही, त्यामुळे तिच्यावरून ताडून बघायला जाऊ नका.

चौथी खूण ऋतूची, जी कुठलंही ॲप विचारात घेतंच असं नाही. मोहरी हे रब्बीचं पीक, तिला थंडी लागते, कोरडी हवा लागते, म्हणून ती राजस्थान, हरियाणाकडे शेतंच्या शेतं होते आणि आपल्याकडे किराणा दुकानातून येते. मिसळणाचा डबा धुतलेलं पाणी परड्यात टाकलं तर चार दाणे रुजतात, नाही असं नाही, पण ऐन श्रावणात, धो धो पावसात, गडग्याच्या कडेने रांगच्या रांग मोहरी फुललीय हे कोकणात जरा अवघडच. पिवळी तिळवण मात्र पावसाबरोबरच उगवते, पावसातच फुलते आणि पाऊस ओसरला की शेंगा टाकून वाळते.

आता ॲपबद्दल, कारण त्यालाही मी खोटं ठरवत नाहीये. ॲप तुमच्या फोटोची तुलना त्याच्याकडच्या फोटोंशी करतं आणि सगळ्यात जवळचं नाव वर दाखवतं. त्याला चिकटपणा कळत नाही, वास कळत नाही, झाड गुडघ्याएवढं आहे की डोक्याएवढं हेही एका फुलाच्या फोटोतून कळत नाही. शिवाय या झाडाला इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी जंगली मोहरी असंच म्हणतात, त्यामुळे कदाचित ॲपने झाड बरोबर ओळखलं असेल आणि नाव असं आलं असेल की तुमचा गैरसमज झाला. पुन्हा उघडून बघा, नावाखाली शास्त्रीय नाव असतं. क्लिओम व्हिस्कोसा असेल, किंवा नव्या पद्धतीने अरिव्हेला व्हिस्कोसा, तर ती पिवळी तिळवणच. ब्रासिका किंवा सिनॅपिस लिहिलं असेल तर ॲप मोहरीच म्हणतंय. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि कदाचित भांडणाचं कारणच उरणार नाही.

आणखी एक सांगते, तुम्हाला बरं वाटेल. तिळवण मोहरीची अगदीच परकी नाही. वनस्पतिशास्त्राच्या १९९८ आणि २००३ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिळवणीला मोहरीच्याच कुळात धरलं होतं, २००९ मध्ये तिचं कुळ वेगळं मानलं गेलं, पण मोहरी कुळाचं सगळ्यात जवळचं नातं आजही तिळवणीच्या कुळाशीच आहे. त्याच मोठ्या गणात आपला शेवगा येतो, पपई येते, वायवर्णा येतो ज्याच्या कोवळ्या पालवीची भाजी अलिबाग-वसईकडे करतात. या सगळ्यांच्या पेशींत दोन पदार्थ वेगवेगळे ठेवलेले असतात, पान चुरगळलं की ते एकत्र येतात आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. पपईची बी चावून बघा, मोहरीसारखी झोंबते. म्हणून नुसत्या झणक्यावरून मोहरी म्हणायचं नाही, एवढंच लक्षात ठेवा.

आता स्वयंपाकघराकडे येते, इथे मात्र मी जरा कडक होणार आहे. तुम्ही लिहिलंय, 'मोहरीच्या कुळात विषारी काही नसतं असं वाचलंय, म्हणून भाजी करायला हरकत नाही ना?' त्या कुळात जिवावर बेतेल असं फारसं काही नाही हे साधारण खरं आहे. पण ते वाक्य कामाचं केव्हा, तर झाड त्या कुळातलं आहे हे पक्कं झाल्यावर. तुम्ही उलट्या बाजूने चाललात, आधी कुळ धरलं, मग सुरक्षित म्हटलं, आणि झाड तपासायचं राहून गेलं.

हे मी इतकं का ताणतेय ते सांगते. पिवळा धोतरा बघितलाय का? मेक्सिकोतून आलेलं झाड, आता आपल्याकडे पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेला, भरावाच्या मातीत कुठेही येतं. पानं काटेरी आणि शिरांवर पांढरट, फूल पिवळं मोठं, पाकळ्या चारहून जास्त, बहुतेक सहा, आणि देठ मोडला की पिवळा चीक. झाड ओळखायला सोपं, पण त्याची बी मोहरीच्या बीसारखी दिसते, इतकी की एकत्र झाल्या तर निवडणं मुश्कील. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात धोतऱ्याच्या तेलाची भेसळ झाली आणि ६०हून जास्त माणसं दगावली. पाय सुजतात, धाप लागते, हृदयावर ताण येतो, डोळ्यांवरही परिणाम होतो. म्हणून परड्यातून, रस्त्याच्या कडेने 'मोहरीसारख्या' बिया गोळा करून डब्यात भरायच्या हा बेत कुणीही करू नये, मग घरात त्या झाडाचं नाव काहीही ठरो. ज्या झाडाला पान, फूल, शेंग तिन्ही बघून ओळखलंय, त्याच झाडावरून स्वतःच्या हाताने काढलेल्या शेंगा, याशिवाय काही नको.

तिळवण म्हणून ती विषारी का, तर नाही. उत्तराखंडात गढवाल-कुमाऊंकडे हिच्याच बिया जखिया नावाने फोडणीत टाकतात, तडतडवून, बटाट्याच्या भाजीत वगैरे, आणि बाजारात विकतही मिळतात. म्हणजे तुमची फोडणीची कल्पना अगदीच हवेतली नव्हती, फक्त झाड दुसरं होतं. पाल्याचं मात्र मी सांगणार नाही की करा. पांढऱ्या फुलांची तिळवण वेगळी, तिचा पाला बऱ्याच ठिकाणी भाजी म्हणून शिजवतात, तीही कडवट असते. पिवळीचा पाला तुमच्या गावात कुणी खातं का हे सासूबाईंना विचारा, खात असतील तर कोवळा कुठवर घ्यायचा, पाणी टाकायचं का, हे त्याच सांगतील. आणि खात नसतील तर त्यालाही काही कारण असेल, आपण पहिला प्रयोग मुलाच्या ताटात करायचा नाही. घरात कुणी गरोदर असेल, कुणाला पित्ताचा त्रास असेल तर बियाही नकोतच.

पावसाळी भाज्या हव्याच असतील तर टाकळा आहे की, कुर्डू आहे, भारंगी आहे, ज्या गावात सगळे ओळखतात. टाकळ्यालाही पिवळं फूल आणि लांब शेंग येते बरं का, पण त्याच्या पाकळ्या पाच आणि पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या. टाकळा आपण फुलं यायच्या आधी कोवळा खुडतो म्हणून सहसा गफलत होत नाही, पण नव्याने गावी आलेल्यांनी एकदा दोन्ही झाडं शेजारी ठेवून बघावीत.

काकींचा कानाचा उपाय. जुना आहे, बऱ्याच भागात ऐकू येतो, काकी मनापासूनच सांगतायत. तरी नका करू. कान दुखतोय म्हणजे आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही, पडद्याला भोक असेल तर कुठलाही रस, कोमट तेलसुद्धा, आत जाऊन त्रास वाढवतो, आणि पावसाळ्यात मुलांच्या कानात बुरशीही होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात कान बघून घ्या. काकींना सांगायचं, "काकी, डॉक्टरांनी कानात काहीच घालू नका म्हटलंय," विषय संपला, त्यांचाही मान राहतो.

तुमच्या मिस्टरांचं तणनाशक. हे झाड एका हंगामाचं, मुळं वरवरची, पावसात माती मऊ असताना हाताने सहज उपटून येतं. त्यासाठी विहिरीच्या शेजारी, मूल खेळतं त्या खळ्यात औषध मारायचं आणि ते पहिल्याच सरीबरोबर खालच्या भाताच्या कुणग्यात वाहून जाणार, हे मला पटत नाही. नको असेल तिथलं शेंगा पिकायच्या आत उपटा, एवढी एक वेळ सांभाळली की पुढच्या वर्षी तिथे कमी उगवेल. पिकल्या शेंगांसकट उपटून परड्यात ढीग लावला तर आपणच पेरणी केल्यासारखं होतं. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा, तो चिकटा साबणाने लवकर जात नाही. आणि एका कोपऱ्यातली आठ-दहा झाडं राहू द्या असं मी म्हणेन. त्या फुलांवर लहान माश्या येतात, आणि जमिनीलगत हळू तरंगत जाणारी छोटी पांढरी सायकी फुलपाखरं या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात. मुलाला अळी सापडली तर प्रोजेक्टला आणखी एक पान.

प्रोजेक्टचं सविस्तर सांगते, कारण पावसाळ्यात कोकणात झाड वाळवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. फूल, शेंग आणि पान तिन्ही असलेली फांदी घ्या, पाऊस थांबल्यावर, पानावरचं पाणी सुकलं की. ही चिकट असल्याने थेट वहीत ठेवाल तर पान फाडूनच निघेल, त्यामुळे वर्तमानपत्राच्या घडीत, वर-खाली जास्तीचे कागद, आणि त्यावर जड काहीतरी, पाटा चालेल. कागद रोज बदलायचे, पहिले चार दिवस तर न चुकता. चुलीजवळ उबेला ठेवलंत तर लवकर वाळेल. वाळल्यावर रंग आणि वास दोन्ही जातात म्हणून ते ताज्या झाडावरूनच लिहून ठेवायला सांगा, फुलाचा रंग, वास, चिकट की नाही, उंची, जागा, तारीख. नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही पेन्सिलीने, म्हणजे पुढे कुणी जाणकाराने सुधारलं तर बदलता येतं. आणि नावासमोर 'आजीने सांगितलेलं नाव: तिळवण' असं वेगळं लिहा, हा संग्रहाचा खरा भाग आहे, लाडाकोडाचा नाही, वनस्पतींचे नमुने गोळा करणारी माणसंसुद्धा लेबलवर स्थानिक नाव आणि उपयोग नोंदवतात.

तरी शंका राहिली तर फोटो परत काढा, पण या वेळी नीट. पूर्ण झाड, पान वरून आणि खालून, फूल समोरून आणि बाजूने, शेंग, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं म्हणजे आकार कळतो. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्टवर टाका, तिथे माणसं बघून ओळखतात, नुसतं यंत्र नाही. जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे शिक्षक असतात, कृषी विज्ञान केंद्र आहे, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, झाड हातात घेऊन गेलात तर कुणी परत पाठवणार नाही. आणि खरी मोहरी बघायचीच असेल तर दिवाळीनंतर मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर कुंडीत टाका, दीड-दोन महिन्यांत फुलेल, मग सहा पुंकेसर आणि शेंगेतला पडदा घरच्या घरी बघता येईल.

राहिल्या सासूबाई. तुम्ही लिहिलंय की त्यांना 'वनस्पतींचं शास्त्र माहीत नाही'. पण दर वर्षी गणपतीला माटवी, म्हणजे मूर्तीच्या वरची रानातल्या फळा-पानांची सजावट, बांधताना शेरवड कुठून आणायचं, कवंडळ कुठल्या वईवर मिळेल हे तुमच्या घरात कोण सांगतं? ज्या बाईने आयुष्यभर हे झाड परड्यातून उपटलंय तिला ते हाताला कसं लागतं हे ठाऊक आहे, आणि या झाडाच्या बाबतीत तीच सगळ्यात मोठी खूण आहे. त्यांना पुंकेसर मोजायची गरज पडली नाही, एवढंच. म्हणजे गावातलं प्रत्येक नाव बरोबरच असतं असंही मी म्हणत नाही, एकच नाव दोन-तीन झाडांना दिलेलं असतं, शेजारच्या वाडीत नाव बदलतं, आणि औषधी उपयोगांबद्दल तर कानाचं वर सांगितलंच. म्हणून तपासायचं दोघींनी मिळून. त्यांना नुसतं विचारा, "आई, ही तिळवण तुम्ही कशावरून ओळखता?" आणि मग गप्प राहून ऐका, मधे फोन काढू नका. बहुतेक त्या पान तोडून तुमच्या बोटांवर चोळतील. पांढरी कुठे येते, पिवळी कुठे, आणि हल्ली ती जांभळट फुलांची बारकी दिसायला लागलीय ती त्यांच्या लहानपणी होती का, हेही विचारा. ती जांभळी मूळची आफ्रिकेतली आहे, त्यामुळे त्यांचं उत्तर मलाही हवंय, पुढच्या पत्रात कळवा.

स्टेटसचं म्हणाल तर ते चोवीस तासांत आपोआप गेलं असेल, पण ज्या मैत्रिणींनी 'रेसिपी पाठव' म्हणून मेसेज केले असं तुम्ही लिहिलंय, त्यांना मात्र आजच कळवा की ती मोहरी नाही, पिवळी तिळवण असावी, खाऊ नका, बिया गोळा करू नका. त्यातली कुणी खरंच आपल्या सोसायटीमागच्या प्लॉटवरून काहीतरी पिवळं खुडून आणेल, आणि तिच्या तिथे ते झाड धोतऱ्याचं असू शकतं.